केबल वाहिन्यांवरील डब्ल्यूएनबीए

डब्ल्यूएनबीए ही अमेरिकेतील व्यावसायिक महिला बास्केटबॉलची साखळी स्पर्धा. १९९७ पासून तिचे सामने देशभर पोचवण्याचे काम मुख्यतः केबल वाहिन्यांनी केले. किती सामने दाखवले यापेक्षा ते कुठल्या वाहिनीवर आणि किती वाजता दाखवले, यातच या प्रक्षेपणाचा खरा इतिहास आहे.

स्पर्धा एनबीएने, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉल साखळीने काढली, तीही दूरचित्रवाणीची सोय आधी लावून. १९९६ मध्येच अमेरिकन बास्केटबॉल लीग ही दुसरी महिला स्पर्धा सुरू झाली होती. तिच्यात उत्तम खेळाडू होत्या, पण मोठ्या वाहिन्यांचे पाठबळ नव्हते. डिसेंबर १९९८ मध्ये तिसरा हंगाम अर्ध्यावर टाकून तिने गाशा गुंडाळला.

डब्ल्यूएनबीएचा पहिला सामना २१ जून १९९७ रोजी झाला. न्यूयॉर्क लिबर्टीने लॉस एंजेलिस स्पार्क्सला ६७-५७ असे हरवले. तो एनबीसीवर, म्हणजे साध्या अँटेनावर दिसणाऱ्या वाहिनीवर दाखवला गेला. केबलची बाजू ईएसपीएन ही क्रीडावाहिनी आणि लाइफटाइम यांच्याकडे होती. लाइफटाइम ही बायकांसाठीच्या चित्रपट-मालिकांची वाहिनी. तिथे बास्केटबॉल लावणे हे धाडस होते आणि एक कबुलीही, की महिलांचा खेळ महिलाच बघतील. हा अंदाज तोकडा होता. नारिंगी आणि फिकट पांढरट पट्ट्यांचा चेंडू मात्र पडद्यावर उठून दिसे. रिमोटने वाहिन्या बदलणाऱ्यालाही सामना कोणता ते लगेच कळे.

हंगाम उन्हाळ्यात ठेवला, कारण तेव्हा एनबीए बंद असते, मैदाने मोकळी आणि वाहिन्यांचे वेळापत्रकही रिकामे. फायद्याचा हाच हिशेब पुढे नडला. रिकाम्या जागेत बसवलेला कार्यक्रम जागा भरली की हलतो. सामने ईएसपीएनवरून तिच्या ईएसपीएन-टू या दुसऱ्या वाहिनीवर जात, वार बदलत, वेळ बदलत. प्रेक्षकाला सवय लागत नसे, आकडे कमी येत, आणि तेच आकडे दाखवून पुढच्या वर्षी पुन्हा गैरसोयीची वेळ मिळे.

सुरुवातीला प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी रोख रक्कम मिळत नसे. जाहिरातींचे उत्पन्न वाटून घेतले जाई. २००२ नंतर एनबीसी बाहेर पडली आणि २००३ पासून एबीसी-ईएसपीएन हा मुख्य आधार राहिला. २००७ मध्ये ईएसपीएनने २००९ ते २०१६ साठी करार केला आणि प्रथमच हक्कांचे पैसे मोजले. म्हणजे स्पर्धा सुरू होऊन दहा वर्षे लोटली होती. (आपल्याकडे महिला प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे हक्क पहिला चेंडू पडण्याआधीच ९५१ कोटी रुपयांना गेले. पण तिच्या पाठीशी आयपीएलचा बाजार होता.) पुढे २०१९ मध्ये सीबीएस स्पोर्ट्स नेटवर्क आले, तर २०२३ पासून आयॉन या विनाशुल्क वाहिनीने शुक्रवारची रात्र बांधून दिली. ठरलेला वार मिळाला, हे त्यातले महत्त्वाचे.

प्रेक्षकसंख्येची खरी उसळी २०२४ मध्ये दिसली. केटलिन क्लार्क या खेळाडूची निवड झालेला एप्रिलमधला ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नव्या खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, ईएसपीएनवर सरासरी २४.५ लाख लोकांनी पाहिला. आदल्या वर्षी हा आकडा ५.७२ लाख होता. विद्यापीठाकडून खेळतानाच क्लार्क घराघरांत पोचली होती. हा प्रेक्षक व्यावसायिक स्पर्धेने घडवला नव्हता, तो तिला आयता मिळाला. त्याच वर्षी जुलैमध्ये डिझ्नी (एबीसी-ईएसपीएनची मालक), ॲमेझॉन आणि एनबीसीयुनिव्हर्सल यांच्याशी २०२६ पासूनचा अकरा वर्षांचा, सुमारे २.२ अब्ज डॉलरचा करार झाला. एनबीएच्या हक्कांसोबतच तो ठरल्याने महिलांच्या खेळाचे मोल कमी लावले गेले नाही ना, अशी शंका खेळाडूंच्या संघटनेने घेतली.

दरम्यान अमेरिकेत केबलची वर्गणी सोडून इंटरनेटवर जाणारी घरे वाढत चालली आहेत. तरीही यूएसए नेटवर्क या जुन्या केबल वाहिनीने २०२६ पासून स्वतंत्र हक्क घेतले, आणि तेही बुधवारची रात्र राखून.