रोल आणि परवानग्यांची तपासणी: गुंता कुठून आला

डेटाबेसमध्ये परवानगी देणारी ग्रँट आणि ती काढून घेणारी रिव्होक, ही आज्ञांची जोडी १९७० च्या दशकातल्या रिलेशनल (टेबलांवर आधारलेल्या) डेटाबेसच्या प्रयोगांतली. परवानगी कोणी कोणाला दिली याची नोंद तेव्हाही ठेवली जायची. रोल, म्हणजे परवानग्यांचा नाव दिलेला गठ्ठा, मात्र एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या अधिकृत मानकात १९९९ मध्ये आले, आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तर थेट २०१८ साली, ८.० आवृत्तीत.

पोस्टग्रेस या डेटाबेसपुरतं बोलायचं तर सगळा गुंता २००५ च्या ८.१ आवृत्तीपासूनचा. त्याआधी युजर वेगळे आणि ग्रुप वेगळे होते. ग्रुपमध्ये फक्त युजर असायचे, दुसरा ग्रुप नाही. त्यामुळे परवानगी कोणामार्फत आली याचं उत्तर एका पायरीवर मिळायचं. ८.१ ने दोन्ही एकत्र करून रोल ही एकच गोष्ट ठेवली. लॉगिनची मुभा असलेला रोल म्हणजे युजर, एवढाच फरक उरला. रोलमध्ये रोल, त्यात आणखी रोल. रोजच्या कारभाराला हे फार सोयीचं आहे आणि निर्णय बरोबरच होता, असं मला ठामपणे वाटतं. पण किंमत मोजली ती तपासणाऱ्यांनी. अमक्याला ही परवानगी कोणामार्फत मिळाली, हे शोधायला आता साखळी उलगडावी लागते, आणि त्यासाठी लागणारं 'विथ रिकर्सिव्ह' (एकाच क्वेरीत पायरीपायरीने साखळी चालत जाण्याची सोय) आलं २००९ मध्ये, ८.४ सोबत. मधल्या काळात त्यासाठी वेगळ्या फंक्शनचा आधार घ्यावा लागायचा.

त्यात 'नोइनहेरिट' या गुणधर्माची भर. तो लावलेला रोल दुसऱ्या रोलचा सदस्य असला तरी त्याच्या परवानग्या आपोआप वापरू शकत नाही. 'सेट रोल' या आज्ञेने तो दुसरा रोल धारण केला की मात्र वापरू शकतो. म्हणून सदस्यत्व तपासणाऱ्या 'पीजी_हॅज_रोल' या फंक्शनला 'यूसेज' (परवानग्या आपोआप मिळतात का) विचारलं तर उत्तर नाही, 'मेंबर' (सदस्य आहे का) विचारलं तर हो. ऑडिटच्या अहवालात यातलं फक्त पहिलं उत्तर देणं धोक्याचं आहे.

दुसरी ठेच टेबलाच्या परवानग्यांची यादी ठेवणाऱ्या 'रेलएसीएल' या कॉलमची. तो नल (रिकामा) दिसला की परवानगी कोणालाच नाही असं वाटतं, पण नल म्हणजे मूळ ठरलेल्या परवानग्या लागू. फंक्शनसाठीच्या तशाच 'प्रोएसीएल' कॉलममध्ये तर नलचा अर्थ होतो की ते फंक्शन कोणीही चालवू शकतं.

अलीकडे बरंच सुधारलं. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीत पब्लिक स्कीमामध्ये (डेटाबेसमधल्या सगळ्यांसाठीच्या सामाईक कप्प्यात) टेबल बनवण्याची सरसकट मुभा गेली (अपग्रेड केलेल्या जुन्या डेटाबेसमध्ये मात्र ती तशीच राहते). २०२३ च्या १६ व्या आवृत्तीने 'क्रिएटरोल'ला, म्हणजे नवे रोल बनवण्याच्या अधिकाराला, लगाम घातला आणि इनहेरिटचा (परवानग्या आपोआप मिळण्याचा) निर्णय प्रत्येक ग्रँटवर नेला. रोलच्या नोंदीतला 'रोलइनहेरिट' हा कॉलम आता नव्या ग्रँटची सुरुवातीची किंमत ठरवतो, इतकंच. त्यावरच विसंबलेल्या जुन्या क्वेरी आजही बिनतक्रार चालतात आणि चुकीची यादी देऊ शकतात. त्या 'पीजी_ऑथ_मेंबर्स' या सदस्यत्वांच्या टेबलमधला 'इनहेरिट_ऑप्शन' वाचतील अशा बदलून घ्यायला हव्यात.