खेळण्यांच्या जाहिराती थेट मुलांशी बोलू लागल्या, तेव्हा

३० एप्रिल १९५२ रोजी अमेरिकेत ‘मिस्टर पोटॅटो हेड’ची जाहिरात टीव्हीवर आली. टीव्हीवर जाहिरात झालेलं हे पहिलं खेळणं मानतात. ९८ सेंटच्या खोक्यात प्लास्टिकचे डोळे, नाक, कान मिळत. ते खोचायला बटाटा आपल्याच घरातला घ्यायचा! प्लास्टिकचा बटाटा थेट १९६४ साली आला. तरी पहिल्याच वर्षी दहा लाखांवर खोकी खपली. कारण या जाहिरातीने आईवडिलांना बाजूला ठेवून मुलांनाच गाठलं.

मुलांना गाठण्याची ही कल्पना टीव्हीच्याही आधीची. ए. सी. गिल्बर्ट यांचा लोखंडी पट्ट्या-स्क्रूंचा ‘इरेक्टर सेट’ १९१३ मध्ये आला, तेव्हा मासिकांतल्या जाहिरातींची सुरुवातच ‘हॅलो बॉइज!’ अशी असे. लायनेल या खेळण्यातल्या आगगाडीची कथा तर याहून सुंदर. जोशुआ लायनेल कोवेन यांनी ती १९०० च्या सुमारास दुकानाच्या काचेआड, गिऱ्हाइकांची नजर वेधायला बनवली होती. लोक दुकानातला माल सोडून गाडीच मागू लागले. म्हणजे इथे जाहिरातीचंच खेळणं झालं.

खरा पालट मात्र १९५५ चा. तोवर खेळण्यांच्या जाहिराती मुख्यतः नाताळच्या तोंडावर व्हायच्या आणि एरवी बहुतेक कंपन्या गप्प असत. रूथ आणि एलियट हँडलर यांच्या मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने ‘मिकी माउस क्लब’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात वर्षभर जाहिरात करण्यासाठी ५ लाख डॉलर मोजले. कंपनीची स्वतःची किंमत तेव्हा जवळपास तेवढीच होती. माल होता ‘बर्प गन’ ही टिकल्यांची बंदूक; जाहिरातीत एक मुलगा घरातच हत्तींची शिकार करत होता. कित्येक आठवडे काहीच हालचाल दिसेना. थँक्सगिव्हिंगनंतर (नोव्हेंबरअखेरचा अमेरिकी सण) मात्र मागण्यांचा नुसता पाऊस पडला. चार वर्षांनी बार्बी आली, तीही याच वाटेने.

बोलणाऱ्याचा हेतू विक्रीचा आहे हे चार-पाच वर्षांच्या मुलाला कळत नाही. म्हणूनच मला या इतिहासातली सगळ्यात मोलाची माणसं वाटतात ती पेगी चॅरेन आणि त्यांच्यासोबतच्या आया. १९६८ मध्ये बॉस्टन परिसरातून त्यांनी मुलांच्या टीव्हीसाठी चळवळ उभी केली. पुढच्याच वर्षी ‘हॉट व्हील्स’ गाड्यांवरची कार्टून मालिका म्हणजे लांबवलेली जाहिरातच, अशी तक्रार प्रसारण आयोगाकडे गेली आणि आयोगाने ती मनावर घेतली. १९७८ मध्ये व्यापार आयोगाने लहानग्यांसाठीच्या जाहिरातींवर बंदीचा प्रस्ताव मांडला, पण दोनच वर्षांत अमेरिकी संसदेने आयोगाचे हात बांधले. १९८४ मध्ये जाहिरातींच्या वेळेवरची मर्यादाही गेली. तोवर ‘ही-मॅन’ आलेला होता: आधी बाहुला, मग मालिका. आपल्याकडे अनेकांनी तो दूरदर्शनवर पाहिला आहे.

१९९० च्या कायद्याने मुलांच्या कार्यक्रमांत जाहिरातींना पुन्हा मर्यादा घातली: शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटं, एरवी बारा. खेळण्यावर बेतलेल्या मालिकेला मात्र मोकळीक राहिली; त्याच खेळण्याची जाहिरात तिच्या मध्ये दाखवली नाही, की झालं.