अंतर्मौन

ध्यानात मन विचारशून्य होऊन तसेच टिकण्याची स्थिती. वाचेचे मौन याहून निराळे. तोंड मिटले तरी आतली बडबड चालूच राहते. हठयोगप्रदीपिकेत उन्मनी, मनोन्मनी, अमनस्क हे शब्द समाधीचे पर्याय म्हणून येतात आणि संतवाङ्मयातील ‘उन्मनी’ही याच कुळातली. तथापि अंतर्मौन व समाधी एकच मानणे सैलपणाचे ठरते. मौनात मन गप्प असते, पण साधक चालतो, बोलतो, कामही करतो.

विचार मुळात येतो कुठून, हा वादाचा मुद्दा आहे. पतंजलीच्या योगसूत्रांनुसार वृत्ती, म्हणजे मनातले तरंग, चित्ताच्याच असतात, म्हणून उपाय निरोधाचा, त्यांना रोखण्याचा. गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘शनैः शनैः’ उपरमावर, हळूहळू मन निवण्यावर, भर आहे. विष्णू भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याने श्री अरविंदांना, तेव्हाच्या राष्ट्रीय चळवळीतील पुढाऱ्याला, बडोद्यात दिलेली सूचना या दोन्हींत नीट बसत नाही. बसा, विचार करू नका, मनाकडे नुसते पाहा; विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरण्याआधीच परतवा, असा तिचा आशय होता. विचार बाहेरून येतात हे अरविंदांना नवे होते, पण त्यांनी शंका काढली नाही. सूचनेत दडपणे नाही, उंबऱ्यावर राखण आहे. म्हणून तिला सरसकट निरोधाखाली घालू नये.

या प्रसंगाची तिथी चरित्रांत एकसारखी नाही. कोणी डिसेंबर 1907 ची अखेर धरतात, कोणी जानेवारी 1908. सुरत काँग्रेस डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात उधळली आणि त्यानंतर अरविंद बडोद्यास आले. 19 जानेवारीला ते मुंबईत भाषणास उभे होते. त्यामुळे जानेवारीचा पूर्वार्ध अधिक संभवतो. बडोदे त्यांना परके नव्हते, 1893 ते 1906 ते संस्थानच्या नोकरीत होते. या खेपेस मात्र लोक पाठ सोडीनात, तेव्हा दोघे सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरच्या लहानशा खोलीत दार लावून बसले. एकांत किती दिवसांचा, याबाबतही मतभेद आढळतात. अरविंदांच्या स्वतःच्या लेखनातील ‘तीन दिवस’ ही मन शांत व्हायला लागलेली मुदत आहे, मुक्कामाची नव्हे, असे धरले की गुंता बराच सुटतो.

फळ मात्र दोघांच्याही अपेक्षेबाहेरचे निघाले. लेले सगुणोपासक, अरविंदांना देशकार्यासाठी योगबळ हवे होते. अनुभव आला तो निर्गुण ब्रह्माचा, जग चित्रपटासारखे पोकळ भासण्याचा.

मुंबईच्या सभेपूर्वी अरविंदांच्या मनात एकही विचार नव्हता. काय बोलावे, असे विचारल्यावर लेल्यांनी सांगितले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा. अरविंदांनी तसे केले, आणि भाषण झाले.