शाप हामला नव्हे, कनानला

काळा रंग म्हणजे बायबलमधल्या नोहाने आपल्या मुलाला, हामला दिलेला शाप, असं परवा सोलापुरातल्या प्रार्थनासभेत एका काकांनी पुन्हा सांगितलं. शेजारच्या सावळ्या पोरीने ओढणी तोंडावर ओढून घेतली, म्हणून हे लिहितेय.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती 9:25 उघडा. शाप हामला नाही, त्याच्या मुलाला, कनानला आहे. रंगाचा तिथे शब्दही नाही. हामचा आणखी एक मुलगा कूश, आफ्रिकेतले काळे कूशी लोक ज्याच्या वंशातले मानतात, त्याला शापच नाही. आफ्रिकी माणसांना गुलाम करणाऱ्यांनी पुढे याच उताऱ्याची ढाल केली. उलट बायबलच्याच गणना पुस्तकात, 12व्या अध्यायात, मोशेच्या कूशी बायकोवरून त्याची बहीण मिर्याम कुरकुरली, तर कोड तिलाच फुटलं, बर्फासारखं पांढरं! आणि उत्पत्ती 1:27 मध्ये देवाच्या प्रतिरूपाचा म्हटलंय तो माणूस, सगळाच.

काका, येत्या रविवारी त्या पोरीशी तेवढं बोला.