नागपूरमधील एलजीबीटी समुदायाचा इतिहास

नागपूर ही महाराष्ट्राची उपराजधानी असून २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. येथील समलिंगी, उभयलैंगिक आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या सामाजिक इतिहासात दोन वेगळे प्रवाह आढळतात. पहिला किन्नरांच्या गुरू-चेला परंपरेचा असून तो शहराच्या बाजारपेठांत, रेल्वे स्थानकावर आणि घरांच्या दारांत पिढ्यान्‌पिढ्या दिसत आला आहे. दुसरा नोकरी-धंदा सांभाळून, बहुधा घरच्यांच्या लग्नाच्या आग्रहाला तोंड देत जगणाऱ्या समलिंगी स्त्री-पुरुषांचा असून तो एकविसाव्या शतकातच उघडपणे बोलू लागला. एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामामुळे हे प्रवाह जवळ आले आणि २०१६ मधील अभिमान यात्रेने, म्हणजे ‘प्राइड मार्च’ने, त्यांना शहरासमोर एकत्र उभे केले.

पूर्वपीठिका

भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर झाली. पुढच्याच वर्षी, १ जानेवारी १८६२ पासून, भारतीय दंड संहिता लागू झाली. तिच्या कलम ३७७ ने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठरवली. या कलमाचा खरा जाच खटल्यांपेक्षा धाकात होता. बाग, बसस्थानक किंवा रेल्वे स्थानकाच्या परिसरात भेटणाऱ्या पुरुषांना पकडून घरी किंवा कार्यालयात कळवण्याची धमकी द्यायची आणि पैसे उकळायचे, हा प्रकार देशभरातील शहरांत चालत आला, आणि बदनामीच्या भीतीने तक्रार करायला सहसा कोणी पुढे येत नसे.

लोककलेत मात्र स्त्रीवेशातील पुरुष विदर्भाला परका नव्हता. नागपूर, भंडारा आणि गोंदिया या पट्ट्यात रंगणाऱ्या खडी गंमत या लोकनाट्यात शाहिराच्या जोडीला लुगडे नेसून नाचणारा ‘नाच्या’ असे आणि गावोगावच्या प्रेक्षकांना त्याचे कौतुक असे. रंगमंचावरील स्त्रीवेश म्हणजे लैंगिक ओळख नव्हे, त्यामुळे या कलावंतांना सरसकट या इतिहासात ओढणे अन्यायाचे होईल. तरीही बायकी हावभावांच्या मुलाला गावात मानाने उभे राहता येईल अशा जागा फार थोड्या होत्या आणि गंमतीचा फड ही त्यांपैकी एक होती, हे लक्षात घ्यावे लागते.

किन्नर परंपरा

नागपुरातील किन्नर समाज हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत वावरतो. देशाच्या उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रेल्वेमार्गांचे जंक्शन असल्याने शहराचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधील डेऱ्यांशी, म्हणजे किन्नरांच्या एकत्र राहण्याच्या ठिकाणांशी, येणे-जाणे सोपे आहे. घरातून हाकलल्या गेलेल्या किंवा स्वतःहून बाहेर पडलेल्या व्यक्तीला गुरू आपल्या डेऱ्यात घेतो, नाव देतो आणि चेला म्हणून तिची जबाबदारी स्वीकारतो. त्या बदल्यात चेल्याच्या कमाईवर गुरूचा हक्क असतो. बाळाचा जन्म, लग्न आणि दिवाळीसारखे सण या वेळी आशीर्वादाच्या बदल्यात मिळणारी बधाई हे उत्पन्नाचे जुने साधन आहे, तर दुकानांतून, गाड्यांतून आणि अलीकडे सिग्नलवर मागणे हे दुसरे. कोणी कोणत्या इलाक्यात मागायचे हे गुरू ठरवतात आणि त्या हद्दींवरून वादही होतात. या व्यवस्थेत शोषण आहे हे खरे, परंतु आजारपणात, म्हातारपणी आणि मृत्यूनंतरही सोबत करणारे दुसरे कोणी नसलेल्या माणसांसाठी डेरा हेच कुटुंब ठरले आहे. केवळ गुन्हेगारीच्या बातम्यांवरून त्याचे चित्र रंगवणाऱ्यांच्या नजरेतून ही बाजू नेमकी निसटते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली आदेश काढून, निमंत्रण नसताना घरगुती समारंभांत जाऊन पैसे मागण्यास तृतीयपंथीयांना मनाई केली. सक्तीच्या वसुलीविषयी नागरिकांच्या तक्रारी होत्या आणि त्या खोट्या म्हणता येणार नाहीत. परंतु खंडणीसाठी सर्वांना लागू असलेला कायदा हाताशी असताना एका समुदायाचे नाव घेऊन बंदी घालणे, आणि तेही ज्यांना दुसरा रोजगार देण्याची व्यवस्था जवळपास नाही अशांवर, हा त्या आदेशातील मोठा दोष होता.

संघटन आणि आरोग्यकार्य

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा तिसरा टप्पा २००७ मध्ये सुरू झाला आणि पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष तसेच तृतीयपंथी यांच्यासाठीच्या प्रकल्पांना देशभर वेग आला. नागपुरात हे काम प्रामुख्याने सारथी ट्रस्ट या संस्थेशी जोडले गेले. समुदायातीलच कार्यकर्ते निरोध वाटत, तपासणीसाठी सोबत जात, औषधे सुरू ठेवण्याचा पाठपुरावा करत. त्या काळात शासनाचा एक विभाग ज्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी निधी देत होता, त्यांनाच दुसरा विभाग कायद्याने गुन्हेगार समजत होता. २००६ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने स्वतःच दिल्ली उच्च न्यायालयात कलम ३७७ हे प्रतिबंधकार्यातील अडथळा असल्याचे सांगितले. सारथी ट्रस्टच्या कार्यालयाचा आणखी एक उपयोग झाला. स्वतःला ‘कोती’, म्हणजे बायकी वळणाचे पुरुष, म्हणवणारी वस्तीतील मुले, डेऱ्यातील किन्नर आणि महाविद्यालयांत शिकणारे समलिंगी तरुण हे एरवी एकमेकांना टाळणारे लोक तेथे एका सतरंजीवर बसू लागले. समलिंगी स्त्रिया मात्र या निधीच्या चौकटीत कुठेच बसत नव्हत्या, आणि त्यांचे संघटन मागे राहण्याचे हे एक ठळक कारण आहे.

सार्वजनिक आविष्कार

दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्ये प्रौढांमधील संमतीचे संबंध कलम ३७७ मधून वगळून दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी काढून घेतला. त्यानंतर चारच महिन्यांनी, १५ एप्रिल २०१४ रोजी, त्याच न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क दिला. म्हणजे एका अर्थाने किन्नरांना मान्यता होती, पण प्रेमाला नव्हती. अशा विसंगत काळात, २०१६ मध्ये, सारथी ट्रस्टच्या पुढाकाराने नागपुरातील पहिली ‘ऑरेंज सिटी’ अभिमान यात्रा निघाली. कलम ३७७ अजून लागू असताना चेहरा झाकून का होईना, पण स्वतःच्याच शहरातील रस्त्यावर उतरणे हे मुंबईला जाऊन गर्दीत मिसळण्यापेक्षा कितीतरी अवघड होते, कारण येथे पाहणाऱ्यांत शेजारी आणि नातेवाईक असण्याची शक्यता मोठी.

ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि जेथे आंदोलनांची जागा संविधान चौक आहे, तेथे प्रतिष्ठा आणि समता हे शब्द वस्त्या-वस्त्यांत आधीच रुजलेले होते. खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणाऱ्या आणि लैंगिक कल हा त्याचा भाग मानणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालातील नऊ न्यायमूर्तींपैकी शरद बोबडे हे नागपूरचेच. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या निकालाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत तृतीयपंथी कार्यकर्त्या विद्या कांबळे यांची नागपूरच्या लोकअदालतीच्या पॅनेलवर सदस्य म्हणून नियुक्ती झाली. न्यायालयात आजवर फिर्यादी किंवा आरोपी म्हणूनच पाहिल्या गेलेल्या समाजातील व्यक्ती निवाडा करणाऱ्यांच्या बाजूला बसली, याचे मोल पदापेक्षा मोठे आहे.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे मुख्यालय नागपुरात असल्याने त्याच्या भूमिकेकडेही येथे बारकाईने पाहिले जाते. सरसंघचालक मोहन भागवत यांनी जानेवारी २०२३ मध्ये एका मुलाखतीत एलजीबीटी व्यक्ती समाजात पूर्वापार असून त्यांना जगण्याचा हक्क असल्याचे सांगितले; समलिंगी विवाहाला मात्र संघाने त्याच वर्षी विरोध नोंदवला.

सहजीवनाचा प्रश्न

दोन महिला डॉक्टरांनी नागपुरात आप्तांच्या उपस्थितीत अंगठ्या बदलून सहजीवनाची बांधिलकी जाहीर केल्याची बातमी जानेवारी २०२२ मध्ये देशभर गेली. आरोग्य प्रकल्पांनी ज्यांची दखल घेतली नव्हती त्या समलिंगी स्त्रिया यानिमित्ताने प्रथमच शहराच्या चर्चेच्या मध्यभागी आल्या. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिल्याने अशा जोडप्यांना वारसाहक्क आणि दत्तक याबाबत पती-पत्नीचा दर्जा मिळालेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ सारखी तरतूदच उरलेली नाही. त्याच वर्षी केंद्र सरकारने समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि एकमेकांना नामनिर्देशित करण्यास कोणतीही आडकाठी नसल्याचे, तसेच शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच घरातील मानावे असे स्पष्ट केले.