बडोद्यात पेट्रोल गाडीला सीएनजी किट: आरसीवर नोंद कशी करायची

दांडिया बाजारातून रोज मकरपुरा किंवा हलोल गाठणाऱ्यांना सीएनजीचा हिशेब चटकन पटतो. गॅसचा बाटला (सिलिंडर) बसतो, पंपावरची रांगही अंगवळणी पडते. राहून जाते ती आरसी बुकातली नोंद. इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल/सीएनजी’ असं आल्याशिवाय काम पुरं झालं असं समजू नका.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडी मूळ नोंदीहून वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. इंधन बदलणाऱ्या किटला मात्र याच कलमाने अटींसह वाट ठेवली आहे. अटी मोडून बदल केला, तर कलम 182-अ(4) खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

अटींमधली सगळ्यात मोठी म्हणजे किटचं टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या नमुन्याचं किट तपासून दिलेलं मान्यता प्रमाणपत्र. पुण्याची एआरएआय किंवा आयकॅटसारखी वाहनं तपासणारी संस्था ते देते, मुदत तीन वर्षांची असते आणि ते ठरावीक इंजिन-क्षमतेपुरतंच लागू असतं. बीएस-6 या प्रदूषण मानकाच्या गाड्यांना (3.5 टनांच्या आतल्या) बाहेरून किट बसवायची मुभा 2022 मध्ये मिळाली. म्हणून गॅरेजवाल्याकडून प्रमाणपत्राची प्रत आधी मागा. आपली सीसी आणि बीएस श्रेणी त्यात बसते का ते स्वतः वाचा. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीलाही विचारून घ्या.

हा कागद मला इतका महत्त्वाचा का वाटतो, ते सांगतो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, एक किलो सीएनजीतून सुमारे 2.7 किलो. समजा गाडी लिटरला 16 आणि किलोला 22 किलोमीटर देते, तर दर किलोमीटरला 144 ग्रॅमचे 123 होतात. पण सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट. ट्यूनिंग बिघडलेलं किट न जळलेला वायू सोडत राहिलं, किंवा सांधा गळत राहिला, तर ही कमाई धुऊन जाते. सायलेन्सर बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) काढून टाकणारेही भेटतात. तसं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

आता अर्ज. बदल केल्यापासून 14 दिवसांत आपण राहतो तिथल्या आरटीओला कळवायचं असतं. आपलं जीजे-06 चं कार्यालय दरजीपुऱ्याला आहे. परिवहन पोर्टलच्या ‘वाहन’ सेवेत वाहनातील बदलाचा अर्ज भरा, फी भरा, मग गाडी तपासणीला न्या. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, किटचं बिल, टाइप अप्रूव्हलची प्रत, बाटल्याचं चाचणी प्रमाणपत्र आणि बसवणाऱ्या अधिकृत केंद्राचा दाखला ठेवा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती बदलाच्या आधीच घ्या.

माझा अर्ज एकदा परत आला होता. बिलावर बाटल्याच्या क्रमांकात 3 च्या जागी 8 पडला होता. डिकीतला गालिचा उचलून, टॉर्च मारून, मानेजवळ कोरलेले आकडे मी तेव्हा पहिल्यांदा वाचले. तुम्ही हे गॅरेजमधून निघण्याआधी करा, आणि त्या आकड्यांचा फोटोही काढून ठेवा.

पुण्या-मुंबईहून आणलेली एमएच गाडी 12 महिन्यांहून जास्त इथे राहणार असेल, तर आधी गुजरातचा क्रमांक घ्यावा लागतो. किटचं काम त्यानंतर काढा, म्हणजे आरसीत दोनदा फेरफार होणार नाही.

नोंद झाली की विमा कंपनीला नवी आरसी दाखवून किट पॉलिसीत चढवून घ्या. त्याचा थोडा जादा हप्ता पडतो, पण न चढवलेल्या किटमुळे दावा अडकू शकतो. पीयूसीही नव्या इंधनाप्रमाणे काढा. काचेवरचं फिकट निळं स्टिकर पेट्रोल आणि सीएनजी दोघांनाही तेच असतं, ते बदलायला नको.

बाटल्यात वायू 200 बार दाबाने भरलेला असतो, म्हणून दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने बाटल्याची चाचणी) लागते. पुढची तारीख वायू भरण्याच्या तोंडाजवळच्या पत्र्यावर असते. ती उलटली तर पंपावर गॅस भरून देत नाहीत.