अध्यापक विकास व लिंगभाव समता : नागपूर विद्यापीठ

अध्यापक विकास म्हणजे महाविद्यालयीन व विद्यापीठीय अध्यापकांचे विषयज्ञान, शिकवण्याची हातोटी, संशोधन आणि प्रशासन सांभाळण्याची तयारी नोकरी लागल्यानंतरही वाढत राहावी यासाठी उभी केलेली व्यवस्था. ही वाढ अध्यापक बाई आहे की पुरुष यावर अडू नये, म्हणून नेमणूक, बढती, रजा, सुरक्षितता आणि निर्णयाचे अधिकार यांत केलेली तजवीज म्हणजे लिंगभाव समता. महाविद्यालयांना दर्जाची श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या (नॅक) निकषांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या जागी येतात : अध्यापकांचे सक्षमीकरण ६.३ मध्ये, लिंगभाव समता ७.१ मध्ये. त्यामुळे महाविद्यालयांत त्यांच्या फायली वेगळ्या आणि समित्याही वेगळ्या. एका फायलीत प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे लागतात, दुसरीत ८ मार्चच्या कार्यक्रमाची छायाचित्रे. प्रत्यक्षात मात्र एखाद्या अध्यापिकेला एकवीस दिवसांच्या प्रशिक्षणाला घरून निघता येते की नाही, हा प्रश्न दोन्ही फायलींचा आहे. म्हणून या नोंदीत दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत.

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली आणि सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू झाले. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले, २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचे नाव विद्यापीठाला मिळाले आणि २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ निघाल्यावर चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे बाहेर पडले. आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. या विषयात भूगोलाला फार महत्त्व आहे. गोंदिया नागपूरपासून सुमारे १३० किलोमीटरवर आहे. नागपुरात घर आणि भंडारा, तुमसर किंवा गोंदियाला नोकरी असे अपडाऊन करणारे अध्यापक येथे सर्रास आढळतात. सकाळच्या गाडीने निघायचे आणि दिवे लागल्यावर परतायचे, हा दिनक्रम पुरुषालाही थकवतोच. घरी परतल्यावर दुसरी पाळी मात्र बहुतेक ठिकाणी बाईच्याच वाट्याला येते.

नागपूरला स्त्रीशिक्षणाचा स्वतःचा वारसा आहे आणि त्यात दलित स्त्रियांचा वाटा मोठा आहे. जाईबाई चौधरी यांनी येथे मुलींसाठी चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. समाजाची प्रगती मी त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, या आशयाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे प्रसिद्ध भाषण याच परिषदेतले.

अध्यापकांच्या नेमणुकीपुरते बोलायचे तर कुमुद पावडे यांचे उदाहरण टाळून पुढे जाता येत नाही. नागपुरातल्या महार कुटुंबात १९३८ मध्ये जन्मलेल्या या मुलीने संस्कृत घेऊन एम.ए. केले. पदवी हातात असूनही नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे आले, तेव्हा काही महिन्यांतच शासकीय महाविद्यालयात नेमणूक झाली. ती नोकरी कुमुद सोमकुवरला मिळाली नव्हती, कुमुद पावडेला मिळाली होती, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. बाई म्हणून होणारी अडवणूक आणि जात म्हणून होणारी अडवणूक वेगळी काढून मोजता येत नाही, हे या एका नेमणुकीतून जितके कळते तितके अहवालांतून कळत नाही. समता मोजताना ‘महिला किती’ एवढाच रकाना भरणे अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सेवांतर्गत प्रशिक्षणाची आजची घडी १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आली. १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. २०१५ मध्ये त्यांना मानव संसाधन विकास केंद्र असे नाव मिळाले आणि २०२३ पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र हे नाव आले. नागपूर विद्यापीठातही असे केंद्र आहे. नव्या अध्यापकांसाठी ओरिएंटेशन आणि जुन्यांसाठी रिफ्रेशर, ही नावे मात्र स्टाफरूममध्ये अजून तशीच चालतात. या प्रशिक्षणांची हौस कोणाला असो वा नसो, ती करावीच लागतात, कारण करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे बढतीची ‘कॅस’ योजना, त्यांच्यावर उभी आहे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ वर जाण्यासाठी पीएच.डी. असल्यास ४ वर्षे, एम.फिल. असल्यास ५ आणि एरवी ६ वर्षांची सेवा लागते आणि जोडीला २१ दिवसांचे ओरिएंटेशन. पुढच्या पायऱ्यांवर पुन्हा रिफ्रेशर, पुढे पीएच.डी., आणि प्राध्यापकपदासाठी किमान १० शोधनिबंध.

कागदावर हा नियम सर्वांना सारखा आहे. पण पहिल्या बढतीची ही चार-सहा वर्षे बहुतेक अध्यापिकांच्या आयुष्यात कोणती असतात? लग्न, बाळंतपण, मूल लहान असणे आणि अनेकदा पीएच.डी.चा शेवटचा टप्पा, हे सारे त्याच काळात येते. तीन आठवडे परगावी राहून करायचे प्रशिक्षण मग पुढे ढकलले जाते. एक वर्ष, दोन वर्षे. पुरुष सहकारी त्याच वर्षी ते उरकून येतो. नियमाने कोणालाही अडवलेले नसते, तरी पाच वर्षांनी ज्येष्ठता यादीत दोघांच्या तारखा वेगळ्या दिसतात. ती तारीख पुढे सहयोगी प्राध्यापकपदापर्यंत, विभागप्रमुखपदापर्यंत आणि अखेर निवृत्तिवेतनाच्या आकड्यापर्यंत सोबत येते. प्रशिक्षण बहुधा सुट्टीत घ्यावे, म्हणजे तासांचे नुकसान होत नाही, असा युक्तिवाद केला जातो. नागपुरात ती सुट्टी म्हणजे मे महिना. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, मुलांच्या शाळा बंद असतात आणि त्यांना सोडायला जागा नसते.

कोविडच्या काळात ही प्रशिक्षणे ऑनलाइन झाली आणि घर न सोडता ती करता येऊ लागली. सोय मोठी होती, आणि ती टिकली हे चांगलेच झाले. तरी तिचा दुसरा भागही नोंदवायला हवा. प्रशिक्षण केंद्रात राहिलेल्या अध्यापकाला दिवसभर दुसरे काम नसते. चहाच्या वेळी ओळखी होतात, एखादा प्रकल्प ठरतो, एखाद्या नियतकालिकाच्या संपादकाशी बोलणे होते. घरी बसून प्रशिक्षण घेणाऱ्या बाईचा एक डोळा पडद्यावर असतो आणि एक गॅसवरच्या कुकरवर. प्रमाणपत्र दोघांचे सारखे असते, पण ओळखींचे जाळे सारखे विणले जात नाही. यावर उपाय म्हणजे निवासी प्रशिक्षणच सोयीचे करणे : मुलासह राहता येईल अशी खोली, केंद्राच्या आवारात पाळणाघर, आणि वर्षात एकापेक्षा अधिक वेळा, वेगवेगळ्या महिन्यांत तेच प्रशिक्षण. पैशाच्या हिशेबात यांपैकी काहीही अवाढव्य नाही.

रजेच्या तरतुदी एव्हाना बऱ्या आहेत. प्रसूती रजा १८० दिवस, पितृत्व रजा १५ दिवस, आणि महिला अध्यापकांना सेवाकाळात जास्तीत जास्त दोन वर्षांची बालसंगोपन रजा. वडिलांचे १५ दिवस आणि आईची दोन वर्षे यांतले अंतर मुळात संगोपन कोणाचे काम मानले जाते हे सांगते, पण तो धोरणाचा वेगळा विषय आहे. २०१८ च्या विनियमांतील फारशी कोणाला ठाऊक नसलेली तरतूद अशी : प्रसूती, बालसंगोपन, अध्ययन अशा पगारी रजांचा काळ मूल्यमापनातून वगळायचा, उरलेल्या काळावरून श्रेणी काढायची आणि तीच पूर्ण काळाला लावायची. अशा रजेमुळे बढतीत तोटा होता कामा नये, हेही तिथे लिहिलेले आहे. महाराष्ट्राने हे विनियम ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने स्वीकारले. तरीही रजेच्या वर्षी घेतलेले तास नेमून दिलेल्या तासांच्या ८० टक्क्यांखाली गेले म्हणून ‘चांगली’ श्रेणी सोडून देणाऱ्या अध्यापिका असतात, कारण अर्ज भरून घेणाऱ्या कोणीही त्यांना हे कलम दाखवलेले नसते. प्रत्येक महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने ते एका पानावर छापून स्टाफरूममध्ये लावले, तर एखाद्या चर्चासत्राहून त्याचा उपयोग अधिक होईल. पीएच.डी.साठी स्त्रियांना २ वर्षांची जादा मुदत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा मिळते, हेही त्याच पानावर हवे.

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालात देशातील सुमारे १५.९८ लाख अध्यापकांपैकी ४३.४ टक्के स्त्रिया आहेत. २०१४-१५ मध्ये दर १०० पुरुष अध्यापकांमागे ६३ स्त्रिया होत्या, २०२१-२२ मध्ये त्या ७७ झाल्या. पायाशी वाढ आहे, पण शिखर अजून दूर आहे. बडोद्याच्या विद्यापीठात हंसाबेन मेहता १९४९ मध्ये कुलगुरू झाल्या. रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठाचे कुलगुरूपद डॉ. उमा वैद्य यांच्याकडे आले ते २०१२ मध्ये. विद्यापीठ अनुदान आयोगाने स्त्रियांना उच्च शिक्षणाच्या व्यवस्थापनासाठी तयार करणारी एक योजना चालवली आणि तिच्यातून अनेक ठिकाणी कार्यशाळा झाल्या. सभेत मुद्दा कसा मांडावा, अंदाजपत्रक कसे वाचावे, अशा गोष्टी तिथे शिकवल्या जात. महाविद्यालयात स्त्रियांकडे सांस्कृतिक आणि स्वागत समिती, तर पुरुषांकडे खरेदी, बांधकाम आणि परीक्षा, ही वाटणी अनेक ठिकाणी चालत आलेली आहे. प्राचार्यपदाच्या मुलाखतीत मात्र दुसऱ्या गटातला अनुभव विचारला जातो.

सुरक्षिततेचा भाग कायद्याने सर्वांत स्पष्ट आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल, त्याच विषयावरचा २०१३ चा कायदा आणि त्यावर आधारलेले विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम असा हा क्रम. तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीची अध्यक्ष ज्येष्ठ महिला अध्यापकच हवी, विद्यापीठात ती प्राध्यापक दर्जाची असावी लागते. समितीतले किमान निम्मे सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीत बसता येत नाही. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. चौकशी सुरू असताना तक्रारदार स्त्रीच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून प्रतिवादीला रोखता येते, हे कलम अध्यापक विकासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच मार्गदर्शक किंवा गोपनीय अहवाल लिहिणारा असेल, तर तक्रार करणे म्हणजे पीएच.डी. किंवा बढती पणाला लावणे, अशी भीती असते. या कलमाने ती काही अंशी तरी कमी होते.

बाहेरच्या देशांत हा विषय संस्थेच्या मूल्यमापनाशी जोडला गेला. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २००१ मध्ये ‘ॲडव्हान्स’ कार्यक्रम काढला. स्त्रियांना सुधारण्याऐवजी विद्यापीठाचे नियम सुधारावेत, हा त्याचा गाभा. ब्रिटनची ‘अथेना स्वान’ सनद २००५ ची. भारताच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये सुरू केलेला ‘गती’ उपक्रम याच वळणाचा. जानेवारी २०२३ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या शताब्दी वर्षात येथे भरलेल्या १०८ व्या भारतीय विज्ञान काँग्रेसचा मुख्य विषयही स्त्रियांच्या सक्षमीकरणासह शाश्वत विकास असा होता.

वर सांगितलेल्या जवळपास सर्व सोयी नियमित नेमणुकीच्या अध्यापिकांसाठी आहेत. विदर्भातल्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांचा मोठा भाग तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर काम करतो. नेमणूक एका शैक्षणिक सत्रापुरती आणि मानधन घेतलेल्या तासांपुरते. तास नाही तर पैसे नाहीत, म्हणून बाळंतपणात उत्पन्न थांबते आणि पुढच्या सत्रात पुन्हा मुलाखतीला उभे राहावे लागते. करारी नोकरीची मुदत संपली तरी प्रसूतिलाभ थांबवता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२३ रोजी एका करारी डॉक्टरच्या प्रकरणात दिला आहे. सीएचबीच्या नेमणूक पत्रात मात्र आजही तासांची संख्या आणि दर एवढेच छापलेले असते. रजा हा शब्द त्यात नसतो.